खानदेशातील रोशा गवत: ओळख, उपयोग व लागवड

खानदेशच्या शेतीचा विचार करताना कापूस, ज्वारी, केळी व भुईमूग ही पिके सर्वांच्या डोळ्यांपुढे येतात. परंतु याच मुलखाच्या डोंगरउतारांवर दर पावसाळ्यात उगवणारी, दिवाळीच्या सुमारास तांबूस फुलोऱ्याने डवरणारी आणि चोळताच गुलाबासारखा वास देणारी एक वनस्पती आहे, तिच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ही वनस्पती म्हणजे रोशा गवत होय. काही भागांत त्यास तिखाडी असेही म्हणतात, आणि जुन्या वैद्यक ग्रंथांत ते रोहिष तृण या नावाने ओळखले जाते. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव सिंबोपोगॉन मार्टिनाय असे आहे.

या गवतापासून निघणारे तेल साबण, अत्तरे व सुगंधी द्रव्ये यांच्या कारखान्यांत वापरले जाते. हलक्या, उताराच्या व कमी पाण्याच्या जमिनीत ते येते, एकदा लावले की काही वर्षे टिकते व जमिनीची धूपही थांबविते. तथापि हे पीक धान्यासारखे नाही. धान्य विकले गेले नाही तर घरी खाता येते, रोशा मात्र तेल काढल्यावाचून कवडीमोल आहे. यास्तव त्याची लागवड करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याने तीन गोष्टी आधी नीट समजून घेतल्या पाहिजेत: बियाणे कोणत्या जातीचे आहे, कापणी कोणत्या वेळी करावयाची आणि भट्टी कोठे आहे. या तिहींपैकी एकीतही चूक झाली तर वर्षभराचे श्रम वाया जातात.

खानदेशातील जुना धंदा

रोशाचे तेल काढण्याचा उद्योग खानदेशास नवीन नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरील खंड 1880 साली प्रसिद्ध झाला. त्यात या धंद्याची नोंद आहे. त्या काळी खानदेश हा एकच जिल्हा होता. 1906 साली त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्यांनाच पुढे जळगाव व धुळे ही नावे मिळाली आणि 1998 साली धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. पिंपळनेर, नंदुरबार, तळोदे व अक्राणी हा पश्चिमेकडील डोंगराळ मुलूख रोशाच्या तेलासाठी विशेष प्रसिद्ध होता.

गवत फुलावर आले की ओढ्यानाल्यांच्या काठी भट्ट्या लागत. मोठ्या देगेत गवत व पाणी भरून खाली जाळ करावयाचा, झाकणास पोकळ बांबूची नळी बसवावयाची आणि तिचे दुसरे टोक वाहत्या पाण्यात बुडविलेल्या भांड्यात सोडावयाचे, अशी ती साधी रीत होती. वाफ थंड होऊन पाणी व तेल भांड्यात जमे व वर तरंगणारे तेल काढून घेतले जाई.

हे तेल मुंबईस जाई व तेथून जहाजाने तांबड्या समुद्रातील बंदरांकडे व पुढे कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, या शहरी पोहोचे. तेथील व्यापारी ते उन्हात ठेवून त्याचा रंग उतरवीत आणि बल्गेरियातील महागड्या गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ करीत. यामुळे युरोपच्या बाजारात कित्येक वर्षे हे तेल ‘तुर्की जिरॅनियम तेल’ या नावाने विकले जात होते. खानदेशच्या टेकड्यांवरील गवताचा माल तुर्कस्तानच्या नावाने खपत होता व गवत कापणाऱ्यास त्याच्या खऱ्या मोलाची कल्पनाही नव्हती. आपल्या मालाची जात व प्रत ज्यास सांगता येत नाही त्यास भावही सांगता येत नाही, हा या इतिहासाचा धडा आजही लागू आहे.

वनस्पतीची ओळख

रोशा हे बहुवर्षायू गवत आहे. त्याचा ठोंब जमिनीत टिकून राहतो व पावसाळ्यात त्यातून नवे फुटवे येतात. पूर्ण वाढीचे गवत दीड ते दोन मीटर, चांगल्या जमिनीत त्याहूनही उंच होते. पानाची ओळख सोपी आहे. पाते बुडाशी रुंद व हृदयाकृती असून ते कांड्यास जणू कवटाळून बसते, आणि टोकाकडे निमुळते होत जाते. फुलोरा शेंड्यावर येतो. तो आरंभी हिरवट असून पुढे तांबूस होत जातो. सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत रानात हा फुलोरा दिसतो.

परसात लावला जाणारा गवती चहा याच कुळातील आहे. परंतु त्यास लिंबासारखा वास येतो व तो सहसा फुलावर येत नाही. रोशाचा फुलोरा तळहातावर चोळला असता गुलाबाच्या जवळचा गोड वास येतो.

या गवताच्या शास्त्रीय नावामागील हकीकतही लक्षात ठेवण्याजोगी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धाच्या वेळी जनरल क्लॉड मार्टिन या फ्रेंच सेनाधिकाऱ्यास दख्खनच्या बालाघाटात हे गवत आढळले. गुरे ते आवडीने खातात आणि त्यांच्या दुधालोण्यासही त्याचा वास येतो, हे पाहून त्याने बी जमविले व लखनौस नेऊन पेरले. त्याच्याकडून मिळालेल्या बियांवरून रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने गवताचे वर्णन केले व त्यास मार्टिनचे नाव दिले. गुरांच्या आवडीची ही गोष्ट शेतकऱ्यानेही ध्यानात ठेवावी. कोवळा रोशा गुरे खातात, म्हणून पहिल्या वर्षी लागवडीस राखण लागते. पक्व व उग्र वासाच्या गवतास मात्र ती सहसा तोंड लावीत नाहीत.

मोतिया व सोफिया: दोन जाती

रोशाच्या दोन जाती आहेत व दिसण्यात त्या इतक्या सारख्या आहेत की जाणताही फसतो. पहिलीस मोतिया व दुसरीस सोफिया म्हणतात. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल हे गुलाबी वासाचे द्रव्य शेकडा 75 ते 90 इतके असते व या द्रव्यासाठीच तेलास किंमत मिळते. सोफियाच्या तेलात ते बरेच कमी असून त्याचा वास उग्र, आल्यासारखा असतो व बाजारात त्यास हलका भाव येतो.

रानात ओळखावयाच्या खुणा येणेप्रमाणे आहेत. मोतिया मोकळ्या, उन्हाच्या व निचऱ्याच्या उतारावर सुटे सुटे ठोंब करून वाढतो, तर सोफिया अधिक ओलाव्याच्या जागी दाट पसरतो. मोतियाची पाती कांड्यापासून जवळजवळ काटकोनात बाजूला निघतात. सोफियाची पाती कांड्यास जवळ धरून वर रोखलेली असतात. या खुणांनी अंदाज येतो, परंतु अखेरचा निर्णय वासावर व प्रयोगशाळेतील तपासणीवरच करावा.

रोशात परपरागीभवन होते, म्हणजे एका झाडाचा पराग वाऱ्याने दुसऱ्यावर जातो. यामुळे सोफियाच्या शेजारी वाढलेल्या मोतियाचे बी शुद्ध राहत नाही. सबब रानातून बी जमवून शेतात लावू नये. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने मोतियाच्या तृष्णा, तृप्ता, पीआरसी-1 असे सुधारित वाण काढलेले आहेत. अशा वाणाचे खात्रीचे बियाणे मिळवावे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने 2017 साली सुरू केलेल्या अरोमा मिशनमध्येही रोशाचा समावेश केला गेला. बियाण्याच्या उपलब्धतेविषयी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे चौकशी करावी.

जमीन व हवामान

सातपुड्याच्या पायथ्याचे शिरपूर, चोपडा, यावल व रावेर हे तालुके आणि सह्याद्रीच्या कुशीतील साक्री तालुका यांत उताराच्या मुरमाड व हलक्या जमिनी पुष्कळ आहेत. निचरा चांगला असेल तर अशा जमिनीत रोशा येतो. सामू 9 पर्यंतची काहीशी चोपण जमीनही तो सोसतो. परंतु पाणी साचणे त्यास मुळीच खपत नाही. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबत असल्यास तेथे लागवड करू नये. शिवाय केळीकापसाची कसदार जमीन या गवताखाली घालण्यात शहाणपणही नाही. ज्या तुकड्यात इतर पीक धड पदरात पडत नाही, तोच तुकडा रोशासाठी निवडावा.

भरपूर ऊन हे तेलास आवश्यक आहे. झाडांच्या सावलीत गवत वाढले तरी तेल कमी उतरते. उन्हाळ्यात खानदेशच्या कडक उष्म्याने वरचे गवत वाळते, तथापि ठोंब जिवंत राहून पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटतो.

रोपे तयार करणे व लागवड

रोशाचे बी अत्यंत बारीक व हलके असते. ताजे बी काही महिने नीट उगवत नाही. म्हणून मागील हंगामात काढलेले बी एप्रिल-मे महिन्यांत गादीवाफ्यावर पेरावे. एक हेक्टर लागवडीसाठी सुमारे अडीच किलो बी पुरते. बी हातातून सारखे पडावे म्हणून त्यात दहापट बारीक वाळू मिसळावी, उथळ ओळींत पेरावे व वरून चाळलेल्या शेणखताचा पातळ थर द्यावा. बी खोल गेल्यास उगवत नाही. वाफे झारीने रोज हलके भिजवावेत. सुमारे दोन आठवड्यांत उगवण होते व 30 ते 45 दिवसांत रोपे लावणीस येतात.

शेत उन्हाळ्यात नांगरून व कुळवून हेक्टरी 10 टन शेणखत मिसळावे. उताराच्या जमिनीत ओळी उतारास आडव्या, समपातळी रेषेवर धराव्यात, म्हणजे गवताचे ठोंबच बांधाचे काम करतात. मान्सूनचा पाऊस स्थिर झाल्यावर, जूनअखेर ते जुलैमध्ये, रोपे लावावीत. बागायतीत दोन ओळींत 60 सेंटिमीटर व दोन रोपांत 30 सेंटिमीटर अंतर ठेवावे. कोरडवाहू लागवडीत ओळींतील अंतर 45 सेंटिमीटरपर्यंत कमी करावे. तुटाळ्या दोन आठवड्यांत भरून घ्याव्यात.

रासायनिक खताची मात्रा माती तपासूनच ठरवावी. सर्वसाधारणपणे वर्षास हेक्टरी 60 किलो नत्र दोन-तीन हप्त्यांत विभागून द्यावे. स्फुरद व पालाश प्रत्येकी सुमारे 40 किलो लावणीच्या वेळी द्यावे. प्रत्येक कापणीनंतर नत्राचा एक हप्ता दिल्यास फुटवा जोमदार येतो.

पहिले दोन महिने तण काढण्याच्या कामात हयगय करू नये. इतर पिकांत तण केवळ अन्न खाते. येथे ते कापणीच्या वेळी रोशाबरोबर भट्टीत जाते व तेलाचा वास बिघडविते. या पिकास रोगकिडींचा उपद्रव बेताचाच असतो. कोरड्या दिवसांत हलक्या जमिनीत वाळवी लागते, तिच्याकडे लक्ष ठेवावे.

कापणीची वेळ

रोशाच्या सर्व भागांत तेल सारखे नसते. सर्वांत अधिक तेल फुलोऱ्यात असते, त्याच्या खालोखाल पानांत, आणि जाड कांड्यात ते जवळजवळ नसतेच. यावरून कापणीची वेळ किती महत्त्वाची आहे हे समजते. फुलोरा येण्यापूर्वी कापल्यास भारा मोठा दिसतो पण तेल थोडे निघते. बी पिकून झडू लागेपर्यंत थांबल्यासही तेल उडून घटते. फुले उमलल्यानंतर सुमारे आठ-दहा दिवसांनी, फुलोरा तांबूस होऊ लागताच कापणी करावी.

जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटर ठेवून धारदार विळ्याने कापावे. फार खाली कापल्यास ठोंब दुखावतो. पावसाच्या किंवा ढगाळ दिवशी कापणी टाळावी. लावणीपासून साडेतीन-चार महिन्यांनी पहिली कापणी मिळते. पुढे पाणी असल्यास दर अडीच-तीन महिन्यांनी एक याप्रमाणे वर्षात तीनपर्यंत कापण्या होतात. कोरडवाहूत एक, क्वचित दोन कापण्या मिळतात. पीक चार वर्षांपर्यंत चांगले उत्पन्न देते, त्यानंतर तेल घटू लागते व नवीन लागवड करणे इष्ट ठरते.

तेल काढणे

कापलेले गवत एक-दोन दिवस सावलीत पसरून सुकवावे. यामुळे त्यातील पाणी कमी होते, भट्टीत माल अधिक बसतो व सरपण वाचते. ओल्या गवताचे ढीग मात्र रचू नयेत, ते तापून कुजतात.

जुन्या देगेत गवत, पाणी व जाळ एकत्र येत. तळाशी पाणी कमी पडले की गवत करपे व तेलास जळका वास लागे. लोखंडाच्या गंजाने तेल काळपटही होई. आजच्या भट्टीत वाफ वेगळ्या बाष्पकात तयार करून टाकीतील गवतातून सोडतात, टाकी न गंजणाऱ्या पोलादाची असते व शीतकातून गार पाणी खेळते राहते. एका भरणीस तीन ते चार तास लागतात. तेल पाण्याहून हलके असल्यामुळे वर तरंगते. ते वेगळे करून गाळावे, पाण्याचा अंश राहू देऊ नये व स्वच्छ, कोरड्या, घट्ट झाकणाच्या ॲल्युमिनियमच्या किंवा न गंजणाऱ्या पोलादी भांड्यात काठोकाठ भरून अंधाऱ्या थंड जागी ठेवावे. तेल काढलेले गवत वाळवून भट्टीस सरपण म्हणून चालते. त्याचे कंपोस्टही होते.

भट्टी व क्षेत्र यांचा मेळ

सर्वांत मोठी चूक येथे होते. पुष्कळदा आधी लागवड होते व भट्टीचा विचार फुलोरा आल्यावर सुरू होतो. पुढील हिशेब प्रत्येक कार्यकर्त्याने शेतकऱ्यांसमोर मांडावा.

एका कापणीत एकरी सुमारे 4 टन गवत निघते असे धरू. भट्टी 500 किलोंची असेल तर या गवताच्या 8 भरण्या होतात. भरणे, वाफ देणे व उपसणे धरून दिवसास 2 भरण्या झाल्या तर एक एकर संपण्यास 4 दिवस लागतात. फुलोऱ्याचा योग्य काळ पंधरा-सोळा दिवसांचा मानला तर अशी एक भट्टी 4 एकरांनाच पुरी पडते. पाळ्या लावून दिवसास 3 भरण्या केल्या तर 6 एकर होतील. यापेक्षा अधिक लागवड असल्यास उरलेले गवत उभ्या शेतात बी झाडीत बसेल व तेल हाती लागणार नाही.

तेलाचा उतारा गवताच्या शेकडा 0.3 ते 0.4 धरावा. म्हणजे 500 किलोंच्या भरणीतून दीड ते दोन किलो तेल व एका कापणीत एकरी 12 ते 16 किलो तेल मिळेल. एवढ्या तेलास त्या वर्षी मिळणारा भाव लावून त्यातून कापणी, वाहतूक, सरपण व मजुरी वजा करावी व जे उरेल त्यात भट्टीचा खर्च किती वर्षांत फिटतो हे पाहावे. एकट्या शेतकऱ्यास हा खर्च झेपणे कठीण असते. पाच-सहा शेतकऱ्यांनी गट करून पाण्याच्या सोयीजवळ एक भट्टी उभारणे, लागवड तिच्या कुवतीइतकीच ठेवणे व तेल एकत्र विकणे हाच त्यावर मार्ग आहे.

तेलाची पारख व विक्री

तेल विकण्यापूर्वी दोन साध्या कसोट्या घेता येतात. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून ठेवावा. शुद्ध तेल उडून जाते. त्यात गोडे तेल मिसळलेले असल्यास तेलकट डाग राहतो. दुसरी कसोटी मद्यार्काची आहे. शेकडा 70 तीव्रतेच्या मद्यार्काच्या दोन-तीन भागांत शुद्ध तेलाचा एक भाग मिसळल्यास द्रव स्वच्छ राहतो. गोड्या तेलाची किंवा रॉकेलची भेसळ असल्यास तो गढूळ होतो. जिरॅनिऑलचे प्रमाण मात्र प्रयोगशाळेतच कळते. तपासणीचा दाखला जवळ असल्यास व्यापाऱ्याशी बोलताना शेतकऱ्याचा हात वर राहतो.

सुगंधी तेलांचा भाव वर्षानुवर्षे स्थिर राहत नाही. म्हणून लागवडीपूर्वीच दोन-तीन खरेदीदारांशी बोलून घ्यावे व भाव पडलेला असल्यास थांबता यावे. नीट साठविलेले तेल काही महिने राखता येते, ही या पिकाची जमेची बाजू आहे. महाग बियाणे विकून तेल परत घेण्याचे तोंडी आश्वासन देणाऱ्यावर विसंबून राहू नये. करार लेखी असावा.

रानातील रोशा

वनक्षेत्रातील रोशा मनास येईल तसा कापू नये. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तेथे ग्रामसभेच्या ठरावाप्रमाणे व इतरत्र वन विभागाच्या परवानगीनेच कापणी करावी. सर्व ठोंब एकाच वर्षी न कापता काही भाग बी पडण्यासाठी राखावा. उतारावरील माती धरून ठेवण्याचे कामही हेच गवत करीत असते, याचा विसर पडू देऊ नये.

कार्यकर्त्यांस सूचना

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोशाचा प्रचार करताना त्याचे गुण जेवढ्या आवर्जून सांगावयाचे तेवढ्याच आवर्जून त्याच्या अटीही सांगाव्यात. पहिल्या वर्षी प्रत्येकाने पाव-अर्धा एकर पडीक तुकड्यावर लागवड करावी, कापणी शेजारच्या भट्टीवर नेऊन उतारा पाहावा व मगच क्षेत्र वाढवावे. शुद्ध मोतियाचे बियाणे, फुलोऱ्यावरची कापणी आणि आधी भट्टी मग लागवड, ही तीन पथ्ये पाळणाऱ्याच्या हलक्या जमिनीसही हे गवत मोल मिळवून देईल. एके काळी परक्या नावाने परदेशी गेलेला हा सुगंध खानदेशच्याच नावाने व खानदेशच्या शेतकऱ्याच्या हिशेबाने बाजारात जावा, अशी व्यवस्था गावोगावच्या गटांनी केली पाहिजे.